आजपासून खिडकी रशियन

आमच्या घरमालकांनी युरोप पाहिला नव्हता. पासपोर्ट काढला होता, तो कोराच म्हातारा झाला. पण युरोपातल्या एकूण एक खिडक्या त्यांना ठाऊक होत्या. म्हणजे प्रत्यक्ष खिडक्या नव्हेत. खिडकीला तिकडे कुठे काय म्हणतात आणि का म्हणतात, ते. उभी नोकरी त्यांनी दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत जर्मन आणि रशियन कागदांचं भाषांतर करण्यात घालवली होती. पंपांची, ट्रॅक्टरची, कसल्या कसल्या व्हॉल्व्हची माहितीपत्रकं. त्यात खिडकी हा शब्द कितीदा आला असेल, मला शंकाच आहे. तरी निवृत्तीच्या दिवशी बाकी सगळं कचेरीत राहिलं आणि खिडकी तेवढी त्यांच्याबरोबर मयूर विहारला आली.

मी पुण्याहून नोएडातल्या एका कंपनीत रुजू झाले तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात पोचले. त्याआधी पाहिलेल्या घरमालकांनी मला नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का, रात्री किती वाजता परतता, असं सगळं विचारून घेतलं होतं. ह्यांनी मागची खोली दाखवली, स्वतः उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला.

"खिडकीतून काय येतं?"

मला वाटलं, खोलीतल्या उणिवा आपणच सांगाव्यात अशी अपेक्षा आहे.

"डास," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे अजून कुणी म्हटलं नव्हतं. जाळी लावून देतो. सामान कधी आणतेस?"

मी त्यांना काका म्हणू लागले. सगळी सोसायटी त्यांना मास्टरजी म्हणायची. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, पण ज्याला त्याला थांबवून काहीतरी समजावून सांगणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्या प्रश्नाचा अर्थ मला पहिल्या आठवड्यातच कळला, कारण तो न कळण्याची सोय त्या घरात नव्हती. काकांच्या मते जग ह्या एका मुद्द्यावर घराण्याघराण्यांत वाटलं गेलं होतं. काही लोक वाऱ्याचे. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी खिडकीला 'वाऱ्याचा डोळा' म्हटलं, त्यातून डॅनिश लोकांचा शब्द आला, इंग्रजांचा विंडो आला. स्पॅनिश लोकांनी डोळाही काढून टाकला आणि नुसता वारा ठेवला, व्हेंताना. दुसरे लोक डोळ्याचे. रशियन, पोलिश वगैरे. त्यांच्याकडे ओको म्हणजे डोळा, म्हणून ओक्नो म्हणजे खिडकी. वारा त्यांना नकोच असतो, कारण तो बर्फावरून येतो.

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपल्या संस्कृतवाल्यांनी दोन्ही ठेवले. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट, गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. निर्णय घ्यायचा नाही, दोन्ही फायली उघड्या ठेवायच्या. आपला कारभार पहिल्यापासून तसाच आहे."

उरलेला निम्मा युरोप, म्हणजे फ्रेंच, इटालियन, जर्मन, ह्यांनी लॅटिनमधून शब्द उचलला. फेनेस्त्रा. आणि तो लॅटिनमध्ये कुठून आला, हे आजपर्यंत कुणाला छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. "वापरतात, पण कुणाची आहे ते माहीत नाही," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "भाडेकरू."

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. ओळखीच्या प्रत्येक माणसाला त्यांनी कुठल्या ना कुठल्या घराण्यात बसवलं होतं. गेटवरचा गार्ड डोळ्याचा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला वाऱ्याचा, कारण त्याला निखारे फुलवायचे असतात. वरच्या मजल्यावरचे गुप्ताजी लॅटिन, कारण ते खिडकी बंद ठेवायचे आणि का, ते त्यांना सांगता यायचं नाही. गुप्ताजींना हे माहीत होतं. ते जिन्यात भेटले की हसून म्हणायचे, "मास्टरजी, आपका लैटिन हाज़िर है."

मला घराणं मिळालं नाही. "डासाचं घराणं अजून एकाच माणसाचं आहे," काका म्हणाले.

ह्या सगळ्यात एक जागा मात्र मोकळी राहायची. एका रविवारी मी सहज विचारलं, "पोर्तुगीज लोक काय म्हणतात हो?"

"जनेला. छोटं दार. ते दाराचे लोक," काका म्हणाले आणि चहा करायला उठले. चहा नुकताच झाला होता. पुढे मी पाहिलं की पोर्तुगालचा विषय निघाला की काका चहा करायला उठतातच.

माझ्या खोलीची खिडकी मागच्या गल्लीवर उघडायची. गल्लीत एक पेरूचं झाड होतं, भाजीची हातगाडी यायची, पलीकडे मेट्रोचा पूल दिसायचा. ह्या खिडकीवर काकांचा अंमल चाले, पण तो बाहेरून. ते माझ्या खोलीत कधी पाऊल ठेवत नसत. मला वाटायचं, मुलीच्या खोलीत कसं जायचं म्हणून. दारावर टकटक करत आणि उंबऱ्याबाहेरून फर्मान काढत.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा खायच्या लायकीची उरली नाही की एके सकाळी टकटक व्हायची.

"आजपासून खिडकी रशियन."

म्हणजे काच लावायची, पडदा उघडा ठेवायचा. बघायचं, श्वास घ्यायचा नाही. होळीच्या सुमाराला पुन्हा टकटक. "आजपासून स्पॅनिश." म्हणजे सताड उघडायची. मी एअर प्युरिफायर आणला तेव्हा त्यांनी तो उंबऱ्यावरूनच न्याहाळला आणि विचारलं, "ह्यातून काही दिसतं का?" मी नाही म्हटलं. "मग चालू दे. स्पर्धा नाही." उन्हाळ्यात मात्र कूलर खिडकीत बसवू दिला नाही. कूलर बसवला की ना डोळा राहतो ना वारा, राहतो तो नुसता आवाज, असं त्यांचं म्हणणं. त्या मे महिन्यात मी ओला टॉवेल पांघरून झोपले आणि मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलले.

जानेवारीत दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस पानिपतला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. काका दरवर्षी जायचे. मी गेले त्या वर्षी बसमध्ये खिडकीच्या जागेवरून दोन कुटुंबांत चांगलीच जुंपली. ज्यांना जागा मिळाली त्यांनी पडदा ओढला आणि झोपले. काका उठले, त्या गृहस्थांना हलवून जागं केलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "आपण ह्या खिडकीचं काय करताय?" तो गृहस्थ लष्करातला सुभेदार होता. पण त्याने मुकाट्याने पडदा उघडला आणि पानिपतपर्यंत शेतं बघत बसला. परतताना त्याने काकांना गजक, म्हणजे तिकडची तिळाची चिक्की, दिली.

काकांचा मुलगा टोरांटोला असतो. त्याच्या घराच्या खिडक्या उघडतच नाहीत, इमारतच तशी आहे. मुलगा तिकडे गेला ह्याचं दुःख काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. खिडक्या उघडत नाहीत ह्याचं दाखवायचे.

काकू माझ्या येण्याच्या आधी काही वर्षं गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल काका एकदाच बोलले, तेही भेंडी चिरताना.

"ती गोव्यातल्या पेडण्याची. खिडकीला जनेल म्हणायची. मी सुधारायचो. म्हटलं, खिडकी म्हण, मुलगा काय शिकेल? आधीच ह्या दिल्लीत त्याचं मराठी अर्धं झालंय. बरीच वर्षं सुधारत होतो. मग कचेरीत एक पोर्तुगीज शब्दकोश आला. चाळला तर जनेला. म्हणजे आमच्या घरात खरोखर युरोपातून, जहाजात बसून आलेला एकच शब्द होता, आणि तो मी दुरुस्त करत बसलो होतो. घरी येऊन तिला सांगितलं, तुझा शब्द बरोबर आहे."

"मग?"

"म्हणाली, 'माका खबर आसा.' शब्दकोश न बघता."

ते उठले आणि चहा ठेवला. भेंडी तशीच राहिली.

तर अशा ह्या खिडकीवर एके वर्षी संकट आलं, आणि ते वरच्या मजल्यावरून आलं.

दिल्लीच्या जुन्या फ्लॅटांची एक रीत आहे. घर अपुरं पडलं की मागच्या बाजूला एक खोली वाढवायची. पण ही खोली एकट्याला वाढवता येत नाही. खांब जमिनीपासून वर जातात, म्हणून खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांनी एकाच वेळी हो म्हणावं लागतं. एकाने नाही म्हटलं की सगळे अडले. गुप्ताजींना खोली हवी होती. खालचे तयार होते, सगळ्यात वरचे तयार होते. मधे आम्ही होतो. आणि वाढीव खोली नेमकी माझ्या खिडकीपुढे उभी राहणार होती.

गुप्ताजी बर्फीचा डबा घेऊन आले.

"मास्टरजी, सब राज़ी हैं. बस आपकी हाँ चाहिए. आपको भी तो एक कमरा मिल जाएगा."

"मुझे कमरा नहीं चाहिए. मेरे पास खिड़की है."

"उसी की जगह तो कमरा मिल रहा है!"

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांपासून सुरुवात केली. गुप्ताजींनी पोलंडपर्यंत शांतपणे ऐकलं. मग त्यांनी हात जोडले.

"मास्टरजी, पूरा यूरोप सुन लिया मैंने. अब ये बताइए, मम्मी को कहाँ सुलाऊँ?"

गुप्ताजींच्या आई मथुरेला पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यांना इथे आणलं होतं. बैठकीच्या खोलीत, दिवाणावर. तिथेच पाहुणे यायचे, तिथेच मुलं अभ्यास करायची, तिथेच टीव्ही. त्यांचे कपडे बदलायचे असले की दोरीवर चादर टाकून आडोसा करायचा. हे सगळं गुप्ताजींनी आवाज न चढवता सांगितलं. काकांनी पुढे ओढलेली खुर्ची मागे सरकवली.

तरी ते हो म्हणाले नाहीत.

त्यानंतर जिन्यातलं वातावरण बिघडलं. सकाळी पाण्याची मोटर चालू करताना आमच्या टाकीची आठवण कुणाला राहीना. खालच्या बाई मला म्हणाल्या, "बेटा, तुम ही समझाओ ना. बूढ़ी औरत का सवाल है." मला गुप्ताजींचंही पटत होतं आणि काकांचंही. दोघांचंही पटणं ही भाडेकरूची सगळ्यात वाईट अवस्था. पुढे काही बोलावं तर घर आपलं नाही, आणि न बोलावं तर खिडकीशी रोज आपणच झोपतो.

एका संध्याकाळी मी धीर करून म्हणाले, "काका, माझ्यासाठी म्हणून खिडकी ठेवू नका हं. मी काय, आज आहे उद्या नाही."

"तुझ्यासाठी कुठे ठेवतोय?" काका म्हणाले. त्यात राग नव्हता, फक्त माहिती होती.

मग एका रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या दारावर टकटक केली.

"चल वर. कचेरीत माझा एक नियम होता. मूळ कागद पाहिल्याशिवाय कुठलंही काम परत पाठवायचं नाही. गुप्ता बोलला ते भाषांतर आहे. मूळ वर झोपलंय."

गुप्ताजींकडे टीव्ही चालू होता. दिवाणावर भिंतीकडे तोंड केलेली एक लहानशी म्हातारी, डोक्यावर पदर. सुनेने टीव्ही बंद केला. काका स्टूल घेऊन बसले, आणि प्रकृतीची चौकशी वगैरे काही न करता त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"माताजी, खिड़की से क्या आता है?"

"कौन-सी खिड़की? यहाँ तो दीवार है."

"मथुरा वाली."

म्हातारीने मान वळवली. तिने काकांकडे नीट पाहिलं, आणि मला वाटलं, आता ही मुलाला हाक मारणार. पण ती विचारात पडली होती.

"आवाज़ आती है," ती म्हणाली. "दूधवाले की, पड़ोसन की, बच्चों की, बंदरों की. कौन आया, कौन गया, किसके घर झगड़ा हुआ. मैं तो पड़े-पड़े पूरे मोहल्ले में घूम आती थी, भैया. यहाँ बस टीवी आता है."

काकांनी मान हलवली. कचेरीत एखादा अवघड शब्द सुटल्यावर ते तशीच हलवत असावेत. मग म्हणाले, "मेरी पत्नी भी लेटी रहती थी. पूरा एक साल. नीचे, पीछे वाले कमरे में, खिड़की के पास."

"अच्छा? तो वो क्या सुनती थी?"

 गुप्ताजींची बायको चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

"मैंने पूछा नहीं," काका म्हणाले.

मला एकदम रडू आलं. येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला विचारलेला तो प्रश्न कुणाला विचारायचा राहून गेला होता, ते मला तिथे त्या स्टुलाशेजारी कळलं. ते माझ्या खोलीचा उंबरा का ओलांडत नाहीत, तेही कळलं. मी चहा घेतला आणि तो फार गरम असल्यासारखं केलं.

जिना उतरताना काका म्हणाले, "खांब कधी घालतोय, विचार त्याला."

त्यांच्या अटी दोन होत्या. वरच्या नव्या खोलीला खिडकी हवी, आणि ती इतकी खाली हवी की चौकट आणि म्हातारीची उशी एका पातळीत येईल. आणि आमच्या मजल्यावर फक्त स्लॅब आणि खांब घालायचे, भिंती उभारायच्या नाहीत. गुप्ताजी म्हणाले, "मास्टरजी, कमरा छोड़ रहे हैं? लोग क्या कहेंगे?" काका म्हणाले, "कहना, मास्टरजी लैटिन नहीं हैं, वजह जानते हैं."

खांब चढले, स्लॅब पडले, वरची खोली झाली आणि माताजी तिच्या खिडकीशी आल्या. भिंती नसल्या तरी डोक्यावर छत आल्यामुळे माझ्या खिडकीतला उजेड निम्मा झाला. पेरूचं झाड वाकून पाहिल्याशिवाय दिसेना. काका उंबऱ्याबाहेरून बघत होते. काही दिवस त्यांनी कुठलंच फर्मान काढलं नाही. मी विचारलं, "सध्या खिडकी कुठली?" ते म्हणाले, "बघू."

मग त्यांनीच मिस्त्रीला बोलावलं आणि खिडकीखालची भिंत फोडायला सांगितली.

मी त्या दिवशी घरून काम करत होते, म्हणजे लॅपटॉप मांडीवर घेऊन धुळीत बसले होते. मिस्त्रीने आधी गज कापले, मग चौकट काढली, मग खालच्या विटा. दुपारपर्यंत तिथे माणूस जाईल एवढी वाट झाली. मिस्त्री हात धुवायला गेला. काका नेहमीसारखे दाराशी उभे होते. मग त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, माझ्या पलंगाला वळसा घालून न थांबता सरळ चालत गेले आणि त्या वाटेने बाहेर पडले. स्लॅबवर मिस्त्रीची एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसले. सिमेंट लागलेली होती, तरी बसले.

 गल्लीत भाजीवाला कुणाशी तरी टोमॅटोवरून वाद घालत होता. कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. पुलावरून मेट्रो गेली. मी ते सगळं रोज ऐकत होते, पण कुणाला सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. काका मात्र मान थोडी तिरकी करून, एकेक आवाज वेगळा काढत असल्यासारखे ऐकत होते.

वरच्या बुटक्या खिडकीतून हाक आली.

"नीचे कौन है?"

"मैं हूँ, माताजी."

"मैं कौन?"

"नीचेवाला."

"अच्छा, मास्टरजी. ये टमाटर वाला झूठ बोल रहा है. सुबह कम भाव बता रहा था."

"हाँ," काका म्हणाले. "सुना मैंने."

ते माझ्याकडे वळले. डोळे पुसण्याची वगैरे त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते तसेच ओले होते. म्हणाले, "सगळा युरोप पालथा घातला, पण खिडकीला कानावरून नाव देणारी एक भाषा मला सापडली नाही. एवढे मोठमोठे देश."

"मग आजपासून ही कुठली?" मी विचारलं.

काकांनी त्या फोडलेल्या जागेकडे पाहिलं, जिथून ते आत्ताच बाहेर आले होते.

"पोर्तुगीज," ते म्हणाले, आणि चहा करायला उठले नाहीत.